स्वयंसेवक शिक्षक म्हणून परदेशी जाताना : तयारी शिकवण्याची आणि शिकण्याचीही

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईच्या ख्रिस्ती माणसाला नवे नाही. सुमारे १५५६ साली वसईत जन्मलेला हा तरुण येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तेथे धर्मशिक्षक म्हणून राबला. पुढे त्यांनी काही काळ व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला आणि १५९३ साली ते पुन्हा जपानला गेले. या वेळी ते गेले दुभाषी म्हणून. त्यांना जपानी भाषा उत्तम अवगत होती, म्हणून त्यांच्या संघबंधूंना जपानी माणसांशी बोलता आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रूसावर रक्तसाक्ष दिली आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो. मात्र त्या हौतात्म्याआधी परक्या माणसांची भाषा शिकण्यात गेलेली वर्षे आपल्या ध्यानात फारशी येत नाहीत.

परदेशी जाणे आपल्या समाजाला अपरिचित राहिलेले नाही. नोकरीसाठी आखाती देशांत, उच्च शिक्षणासाठी कॅनडा वा ऑस्ट्रेलियात गेलेला कोणी ना कोणी बहुतेक धर्मग्रामांत सापडेल. परंतु मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, एक-दोन वर्षे एखाद्या गरीब देशातील शाळेत शिकवण्यासाठी जाणे ही वेगळी गोष्ट आहे. नुकतेच पदवीधर झालेले तरुण, निवृत्त झालेले शिक्षक-शिक्षिका, क्वचित एखादे दाम्पत्यही असा विचार बोलून दाखवते. विचार स्तुत्य आहे. पण केवळ सदिच्छेच्या बळावर निघालेला स्वयंसेवक मुलांचे नुकसानही करू शकतो. वर्ष अर्धवट टाकून परतलेल्या शिक्षकाचा वर्ग पुढे कोण घेणार? म्हणूनच या सेवेची तयारी कशी करावी, याचा येथे क्रमाने विचार करू. कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून पूर्व आफ्रिकेतील टांझानिया या देशाचे उदाहरण समोर ठेवू.

ही हाक प्रापंचिकांचीही आहे

मिशनकार्य हे केवळ धर्मगुरू व धर्मभगिनी यांचे काम, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी आणि ख्रिस्तसभेच्या मिशनकार्याविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध करून तो दूर केला. मिशन प्रदेशात शाळांतून शिकवणाऱ्या प्रापंचिकांच्या सेवेची दखल परिषदेने आवर्जून घेतली. आज ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च स्थानी असलेले पोप चौदावे लिओ यांनी स्वतः १९८५ पासून पेरू देशात अनेक वर्षे मिशनरी म्हणून काम केले. तेथील त्रुहियो शहरात त्यांनी भावी धर्मगुरूंना शिकवलेही.

हाक आहे म्हणून ती आपल्यालाच आहे असे मात्र नव्हे. निर्णयापूर्वी स्वतःला काही प्रश्न प्रामाणिकपणे विचारावेत. मी सेवेसाठी जात आहे, की घरातल्या एखाद्या अडचणीपासून दूर जात आहे? या सेवेच्या आडून पुढे परदेशात स्थायिक होण्याचा हेतू मनात आहे काय? माझ्या हाताखाली कोणी नसेल, उलट मीच तेथील मुख्याध्यापिकेच्या हाताखाली असेन, हे मला मानवेल काय? या प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत मिळत नाहीत. आपल्या प्रमुख धर्मगुरूंशी वा एखाद्या अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शकाशी काही महिने बोलत राहावे आणि घरातील माणसांनाही त्या संवादात सामील करून घ्यावे.

कोणामार्फत जावे?

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे जेथे जायचे तेथे आधीपासून कार्यरत असलेला व्रतस्थ संघ. येशूसंघीय, सालेशियन तसेच अनेक धर्मभगिनींचे संघ भारतातही आहेत आणि आफ्रिकेतही. सालेशियन भगिनींच्या परिवारातून १९८७ साली उभी राहिलेली ‘विदेस’ ही संघटना तर खास स्वयंसेवकांसाठीच आहे. टांझानियात दार-एस-सलाम येथे येशूसंघीयांचे लोयोला हायस्कूल आहे आणि सालेशियन संघाच्या शाळाही आहेत. अशा संघाच्या भारतातील प्रांतिक कार्यालयाशी प्रथम पत्रव्यवहार करावा. संघ आपली मुलाखत घेईल, धर्मग्रामाचे शिफारसपत्र मागेल, कदाचित नकारही देईल. ज्या ठिकाणी नकार मिळू शकतो, तेथील होकारावर विश्वास ठेवता येतो.

याउलट काही खुणा दिसताच सावध व्हावे. नेमणुकीसाठी मोठी रक्कम मागितली जात असेल, शाळेचे नाव वा मुख्याध्यापकांचा संपर्क देण्याचे टाळले जात असेल, ‘पर्यटक व्हिसावर या, पुढचे नंतर पाहू’ असे सांगितले जात असेल किंवा ‘कोणताही अनुभव नको, दोन आठवडे आलात तरी चालेल’ असे आश्वासन मिळत असेल, तर तो मार्ग सोडून द्यावा. दोन आठवड्यांत मुलांची नावेही पाठ होत नाहीत. किमान एक संपूर्ण शालेय वर्ष देता येत नसेल, तर आपली सेवा येथेच देणे अधिक श्रेयस्कर.

जाण्यापूर्वी लेखी करार हवा. निवास, भोजन व किरकोळ खर्चाचा भत्ता कोण देणार, विमानभाडे व विमा कोणाकडे, आठवड्याला किती तासिका, सुटी किती, आजारपणात वा घरी दुःखद प्रसंग ओढवल्यास परतीची सोय काय, या सर्व गोष्टी त्यात नमूद असाव्यात. आणखी एक प्रश्न आपणहून विचारावा : माझ्या येण्याने एखाद्या स्थानिक शिक्षकाची जागा तर जात नाही ना? बिनपगारी माणूस मिळाला म्हणून पगारी माणूस घरी बसत असेल, तर ती सेवा नव्हे.

तेथील शाळा समजून घ्यावी

टांझानियातील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते व डिसेंबरात संपते. आपला जून डोळ्यांसमोर ठेवून जुलैत पोहोचणारा स्वयंसेवक तेथे अर्ध्या वर्षात दाखल होतो. म्हणून जानेवारीत वर्गावर उभे राहायचे असेल, तर आदल्या वर्षाच्या जानेवारीपासूनच तयारीला लागावे.

त्याहून महत्त्वाची बाब भाषेची. तेथील सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिली भाषेत होते. माध्यमिक शाळेत प्रवेश करताच मात्र सर्व प्रमुख विषय इंग्रजीत शिकावे लागतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवरील मूल्यमापन आणि चौथ्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा असते, तीही इंग्रजीत. काल-परवापर्यंत बेरीज-वजाबाकी मातृभाषेच्या जवळ असलेल्या भाषेत करणारे मूल आज परक्या भाषेत भूमिती ऐकत असते. प्रश्न कळला नाही म्हणून ते गप्प बसते आणि नवखा शिक्षक त्याला ‘ढ’ ठरवून मोकळा होतो.

मराठी वाचकाला या मुलाची ओळख वेगळी करून द्यायला नको. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्यांनी हेच अनुभवले आहे. ‘घनता’, ‘वर्गमूळ’, ‘प्रकाशसंश्लेषण’ हे सारे ठाऊक असूनही इंग्रजी शब्दांपुढे पहिले काही महिने त्यांना काही सुचत नसे. मराठी शाळेत शिकलेला स्वयंसेवक म्हणूनच तेथे उपयोगी ठरू शकतो. मुलाला विषय कळत नाही की भाषा कळत नाही, हा फरक त्याने स्वतः भोगलेला असतो.

भाषा : पहिली पायरी

निघण्यापूर्वी निदान सहा महिने स्वाहिलीचा अभ्यास करावा. इंग्रजीवर वर्गात भागेल. पण बाजारात, मिस्साबलीला, पालकसभेत आणि आजारी विद्यार्थ्याच्या घरी भागणार नाही. ही भाषा आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. हिंदी महासागरावरील शतकानुशतकांच्या व्यापारामुळे अरबी, फारसी व हिंदुस्थानी शब्द तिच्यात मिसळले आहेत. पुस्तक म्हणजे ‘किताबू’, लेखणी म्हणजे ‘कलामू’, साबण म्हणजे ‘साबुनी’, बंदर म्हणजे ‘बंदारी’, दुकान म्हणजे ‘दुका’. चहा आणि चपाती तर जवळजवळ जशीच्या तशी आहेत. प्रश्नाला ‘स्वाली’, उत्तराला ‘जिबू’ आणि गणिताला ‘हेसाबू’ म्हणतात. आपला सवाल, जवाब आणि हिशेब तेथे आपली वाटच पाहत असतो.

शब्दांबरोबर रीतही शिकावी. वयाने मोठ्या व्यक्तीला भेटताच ‘शिकामो’ म्हणून आदर व्यक्त करायचा आणि मोठ्याने ‘मराहबा’ म्हणून तो स्वीकारायचा, हा तेथील शिष्टाचार आहे. विद्यार्थी आपल्याला असे अभिवादन करतील. आपणही ज्येष्ठ शिक्षकांना व शाळेतील वयस्कर शिपायाला ते करावे. सरळ कामाचे बोलू लागणे तेथे उद्धटपणाचे वाटते. आधी घरची, प्रकृतीची, प्रवासाची विचारपूस होते, मग काम.

वेळ मोजण्याची पद्धतही लक्षात ठेवावी. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास, हे आपले सकाळचे सात. ‘सा तातू’, म्हणजे तिसरा तास, हे आपले नऊ. हे ठाऊक नसलेला माणूस नऊच्या सभेला दुपारी तीनला पोहोचायचा. बायबल वाचणाऱ्यांना मात्र ही रीत परिचित वाटेल. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यात प्रभू येशूने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व अकराव्या तासाचा उल्लेख केला आहे, तो याच मोजणीने.

आपल्या मराठी मुलखाचे ऋणही येथे आठवावे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा इतक्या आत्मीयतेने आत्मसात केली, की १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत प्रसिद्ध झाले. परक्या माणसाने आपली भाषा शिकली, त्याचे फळ आपल्या पूर्वजांना मिळाले. आता परक्याची भाषा शिकण्याची पाळी आपली आहे.

वर्गाची तयारी

तेथील अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आधीच मिळवाव्यात. ज्या विषयासाठी शाळेने बोलावले आहे, त्याच्या प्रश्नपत्रिका स्वतः सोडवून पाहाव्यात. प्रत्येक धड्यासाठी दहा-बारा कळीच्या इंग्रजी शब्दांची यादी करावी, त्यांचे स्वाहिली अर्थ शोधावेत आणि ती यादी फळ्याच्या एका कोपऱ्यात तासभर राहू द्यावी. मुलांना आधी आपसांत स्वाहिलीत चर्चा करू द्यावी आणि मग उत्तर इंग्रजीत मांडायला सांगावे. यंत्रसामग्रीवर विसंबू नये. वीज जाऊ शकते, प्रयोगशाळा अपुरी असू शकते. खडू, फळा, दोरी, बाटलीची झाकणे, बिया यांच्या साहाय्याने काय शिकवता येईल, याचा सराव येथेच करावा.

या सरावासाठी दूर जाण्याची गरज नाही. तलासरी, डहाणू, जव्हार या परिसरातील मिशन शाळांत व वसतिगृहांत वारली बोलणारी मुले मराठीतून शिकतात. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, ही तीच अडचण आपल्या अंगणात आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तेथे शिकवून पाहावे. साधे जेवण, साधी खोली, संध्याकाळनंतरची शांतता आणि आपल्या ओळखीच्या माणसांचा अभाव हे सारे आपल्याला सोसते की नाही, तेही तेथे समजेल. जे येथे जमले नाही, ते पाच हजार किलोमीटरवर जमेल अशी आशा धरू नये.

शाळेत पोहोचल्यावर पहिला महिना शक्य तितका ऐकण्यात घालवावा. एखाद्या स्थानिक शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसावे. आपण तयार केलेली टिपणे व शैक्षणिक साधने त्याच्याबरोबर मिळून करावीत, म्हणजे आपण परतल्यावरही ती वापरात राहतील. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे हे स्वतः कॅथलिक शाळांतील शिक्षक होते. लोक त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, याच नावाने संबोधत. देशाने स्वावलंबनासाठी शिकावे, असा आग्रह त्यांनी १९६७ साली शिक्षणविषयक निवेदनात मांडला. त्यांच्या धन्यवादित पदाची प्रक्रिया २००५ साली सुरू झाली. ज्या देशात गुरुजी हा सर्वोच्च सन्मान ठरला, तेथे पाहुण्या शिक्षकाने नम्रतेनेच पाऊल टाकावे.

मुलांची सुरक्षितता आणि शिस्त

ख्रिस्तसभेने अल्पवयीनांच्या संरक्षणाबाबत अलीकडच्या काळात कडक नियम केले आहेत; पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेला व २०२३ साली सुधारलेला आदेश त्यांपैकी महत्त्वाचा. चांगली संस्था आपल्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला मागेल, बालसंरक्षणाचे प्रशिक्षण देईल आणि आचारसंहितेवर स्वाक्षरी घेईल. यात अपमान मानू नये. ज्या संस्थेला याची गरज वाटत नाही, तिच्याविषयीच शंका घ्यावी. मुलांबरोबर बंद खोलीत एकटे न बसणे, त्यांची छायाचित्रे परवानगीविना समाजमाध्यमांवर न टाकणे, एखाद्याच विद्यार्थ्याला पैसे वा भेटवस्तू न देणे, हे नियम तेथे आणि येथेही पाळावेत.

शिक्षेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई आहे. टांझानियात मात्र ठरावीक मर्यादेत छडीची शिक्षा नियमांना धरून आहे. आपल्या डोळ्यांदेखत मुलाला मार बसला तर आपण काय करणार, याचा विचार आधीच करून ठेवावा. वर्गासमोर सहकाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. परंतु ‘मी छडी हाती धरणार नाही’ हे मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सौम्यपणे सांगता येते. छडीविना वर्ग शांत राहू शकतो, हे वर्षभर दाखवून देणे हाच त्यावरील उत्तम युक्तिवाद.

कागदपत्रे आणि आरोग्य

पर्यटक व्हिसावर शिकवणे, मग ते बिनपगारी का असेना, नियमबाह्य आहे. स्वयंसेवकासाठी टांझानियात ‘सी’ वर्गाचा निवासी परवाना असतो आणि कामाच्या परवान्याचीही गरज पडते. हे काम यजमान संस्थेनेच करावयाचे असते. परवाना हाती येण्याआधी नोकरी सोडू नये. पदवी व अध्यापनाच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, पारपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला व धर्मग्रामाचे पत्र यांचे दोन संच करून एक घरी ठेवावा. तेथे पोहोचताच दार-एस-सलाम येथील भारतीय उच्चायुक्तालयाकडे आपली नोंद करावी.

आरोग्याच्या बाबतीत हिवताप हा मुख्य धोका. प्रतिबंधक औषधाबाबत जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मच्छरदाणीचा वापर एकाही रात्री चुकवू नये. प्रवास केनिया वा इथिओपियामार्गे असेल, तर पीतज्वराच्या लशीविषयी अधिकृत लसीकरण केंद्रात चौकशी करावी. या लशीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते; २०१६ पासून ते आजन्म वैध मानले जाते. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे. या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

घरची घडी

स्वयंसेवकाला पगार नसतो. घरच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. हप्ते, विम्याचे प्रीमियम, आईवडिलांचे औषधपाणी यांची वर्ष-दीड वर्षाची तरतूद केल्याविना निघू नये. बँकेचे व घराचे व्यवहार पाहण्यासाठी विश्वासू व्यक्तीला कायदेशीर अधिकारपत्र द्यावे. वृद्ध आईवडील एकटे राहणार असतील, तर त्यांच्या सोबतीची व्यवस्था आधी, आपले तिकीट नंतर. मातापित्यांचा सन्मान करणे हीदेखील देवाचीच आज्ञा आहे. अशा वेळी धर्मग्रामाने केवळ निरोप समारंभ करून थांबू नये. शेजारच्या दोन कुटुंबांनी त्या घराकडे आठवड्यातून एकदा फेरी मारली, तर तीही मिशनकार्यातील भागीदारीच ठरेल.

निरोप घेताना

परतण्याचीही तयारी लागते. शेवटच्या सत्रात नवे उपक्रम सुरू करू नयेत. चालू असलेले स्थानिक सहकाऱ्यांच्या हाती सोपवावेत. मुलांना आपण केव्हा जाणार ते आधीच सांगावे आणि पुन्हा येण्याचे पोकळ आश्वासन देऊ नये. घरी आल्यावर काही काळ परके वाटेल. इथल्या लग्नातील खर्च पाहून राग येईल. तो राग लोकांवर काढण्याऐवजी ऑक्टोबर महिन्यातील मिशन रविवारी आपला अनुभव धर्मग्रामात सांगावा, पुढे जाऊ इच्छिणाऱ्यास स्वाहिली शिकवावी, जव्हार-तलासरीच्या शाळेशी जडलेले नाते चालू ठेवावे.

आपण गेल्यानंतर वर्षभराने त्या शाळेत काय उरले, यावरून या सेवेचे मोल ठरते. एखाद्या सहकाऱ्याने आपली शब्दयादी अजून फळ्यावर लिहावी, एखाद्या मुलीने न घाबरता इंग्रजीत उत्तर द्यावे, एवढे घडले तरी पुष्कळ झाले. तेवढे घडवण्यासाठी शिकवण्याआधी शिकावे लागते. संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानात तेच केले. त्यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामांतून असे नम्र आणि पूर्वतयारीने सिद्ध झालेले शिक्षक प्रभूच्या मळ्यात जावोत, हीच प्रार्थना.